खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

संपादक मंडळी म्हणाली, दौलतराव, तुम्ही जन्मभर इंजिनं खोलली, त्याच्यातलं काही लिहा. मी म्हटलं, खोलण्यात काय लिहिण्यासारखं आहे? पाना हातात आला की कोणाचाही हात शिवशिवतो. मग तो माणूस इंजिन पोत्यात भरून, तोंड पाडून माझ्या दारात येतो. घाटंजीकडच्या एकानं ट्रॅक्टरचं इंजिन बैलबंडीत घालून आणलं होतं आणि त्यालाच बकरी बांधली होती, बाजार आणि दुरुस्ती एकाच खेपेत उरकावी म्हणून. एका ट्रकवाल्यानं रेडिएटरची गळती थांबवायला त्यात एवढी हळद ओतली होती की झाकण काढल्यावर मला जेवणाची आठवण झाली. अशा गिऱ्हाइकांवर मी तोंडसुख पुष्कळ घेतलं, पण परत कोणाला पाठवलं नाही. माणूस अडलेला असतो म्हणूनच येतो.

पण ज्या इंजिनानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं, ते कोणा हौशानं खोललेलं नव्हतं. ते माझ्या उस्तादांनी, हमीदचाचांनी खोललं होतं, आणि शेजारी मी उभा होतो.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. दारव्ह्याच्या एका जिनात चाचा मोठे फिटर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगाम दिवाळीच्या पुढे सुरू व्हायचा, त्याआधी सगळी यंत्रं उघडून, झाडून-पुसून ठेवायची. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण ते कबूल करत नसत. वाचायचं काही आलं की म्हणायचे, "दौलत, जरा देख तो, माया चष्मा घरी राह्यला." चष्मा त्यांच्याकडे नव्हताच.

जिनाचे मालक भाऊसाहेब. तिशी उलटलेले, शिकलेले, स्वभावानं बरे, पण गाडीच्या बाबतीत वेडे. त्यांनी मुंबईकडच्या कोणाकडून शर्यतीत पळालेली दोन बैठकीची विलायती गाडी आणली होती. इतकी बुटकी की रस्त्यावरून जाताना पोटानं सरपटते असं वाटे. जिनातल्या लोकांनी तिचं नाव घोरपड ठेवलं. बोरी अरबच्या रस्त्यावर ती सुटली की शेतातली माणसं निंदण सोडून उभी राहत आणि बंडीचे बैल बिथरत. त्यावरून भाऊसाहेबांना पुष्कळ शिव्या बसल्या असतील, पण त्या इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेल्या नसाव्यात.

त्या घोरपडीच्या पोटात खडखड सुरू झाली. दसऱ्याच्या आधी चाचांनी इंजिन उतरवलं आणि उघडलं. आतला माल निराळाच होता. नेहमीच्या गाडीत पिस्टनला धरणारे जे लोखंडी रॉड असतात, ते ओबडधोबड असतात आणि त्यांच्यावर कारखान्यानं आकडे ठोकलेले असतात. इथे आधीच्या मालकानं शर्यतीसाठी ते रॉड घासून घासून हलके केले होते, आरशासारखे चकचकीत. त्या घासण्यात आकडे गेले होते.

"पंच मारून आकडे टाकू का?" मी विचारलं.

"खबरदार," चाचा म्हणाले. "अशा घासलेल्या लोखंडाले ठोका बसला का तिथूनच तडा जाते. खडूनं लिव."

मी खडूनं एक ते चार आकडे लिहिले. गाळणीच्या खोलीत, म्हणजे यंत्रांचं तेल गाळायच्या खोलीत, लांब टेबल होतं, त्यावर धुतलेली चादर अंथरून, खिडकीकडून सुरुवात करून आम्ही सगळे भाग ओळीनं मांडले. खिडकीकडचा एक नंबर, दाराकडचा चार. प्रत्येक रॉडजवळ त्याची टोपी.

टोपी म्हणजे काय ते सांगतो, नाही तर पुढचं समजायचं नाही. रॉडचं खालचं टोक म्हणजे अर्धं कडं. त्यावर दुसरं अर्धं कडं बोल्टांनी आवळतात, ती टोपी. दोन्ही मिळून एक गोल होतो आणि तो गोल कारखान्यात दोघांना एकत्र आवळूनच पाडलेला असतो. घरच्या जात्याचा वरचा दगड शेजारणीच्या जात्यावर ठेवला तर दिसायला बसतो, पण दळण नीट निघत नाही. तसंच हे. एकाची टोपी दुसऱ्याला लावली तर गोल केसभर चुकतो. गाडी चालूही होते. मात्र वेग घेतला की बेरिंग तापतं, धरतं, आणि तो रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. साध्या गाडीत माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. घोरपडीसारख्या गाडीत तो कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही.

हे सगळं मांडून मी दसऱ्यासाठी नागपूरला गेलो. छप्पन साली आमच्या घरानं तिथे दीक्षा घेतली, तेव्हापासून दसऱ्याला आम्ही नागपूरलाच. त्याआधी खंडेनवमीला जिनातली यंत्रं आणि हत्यारं धुवायचं काम माझ्याकडे असे. मी धुवायचो, पूजा आतली माणसं करायची, आणि मी दाराशी उभा राहून नारळाच्या तुकड्याची वाट बघायचो. दीक्षेनंतर ते काम मी सोडलं. मग दरवर्षी ते कोणाकडे ना कोणाकडे जायचं. त्या वर्षी ते गिरजाबाईकडे आलं.

गिरजाबाई जिनातली रेजा. कापूस वाहायची, सरकी भरायची. नवरा वारलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. विहिरीजवळची जिनाची एक खोली त्या दोघींना राहायला दिली होती. कामाला वाघीण, बोलायला कमी. भाऊसाहेबांच्या आईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला सांगितलं की जिनातलं एकूण एक लोखंड पूजेला चमकलं पाहिजे. गिरजाबाईनं ते अक्षरशः ऐकलं.

मी परत आलो तर चाचा गाळणीच्या खोलीच्या पायरीवर डोकं धरून बसलेले. मला वाटलं, कोणी गेलं की काय.

"अंदर जा," ते म्हणाले. "जा, देख."

आत गेलो. टेबलावर रांगोळी काढावी तसं इंजिन मांडलेलं. मधोमध चारही टोप्या, त्यांच्याभोवती पिस्टनसकट रॉड पाकळ्यांसारखे, बाहेरच्या वर्तुळात व्हॉल्व्ह उंचीप्रमाणे उभे, जिथे जागा उरली तिथे झेंडू आणि आपट्याची पानं. प्रत्येक भागावर हळदकुंकू. राखेनं घासून, गरम पाण्यानं धुऊन, वर जवसाचं तेल चोपडलेलं. खरं सांगतो, एवढं सुंदर मांडलेलं इंजिन मी पुन्हा बघितलं नाही. खडूचा एक कणही कुठे शिल्लक नव्हता.

मला आधी हसू आलं आणि मग मी टोप्या उलटून उलटून पाहू लागलो.

भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर गिरजाबाईला झापलं. ती खाली मान घालून, हात पदराखाली घेऊन उभी. कोणी सांगितलं होतं, हे तिनं शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. मोठ्या बाई वरच्या सज्ज्यात उभ्या होत्या, त्याही बोलल्या नाहीत. चाचा मधे पडले, "भाऊसाहेब, गलती मेरी हाये. म्याच खडूच्या भरवशावर ठेवलं. तिले काय मालूम."

"चाचा, तुम्ही बाजूला व्हा," भाऊसाहेब म्हणाले. "हे रॉड आता विलायतेहून मागवायचे म्हटले तरी परवाना मिळायचा नाही. गिरजाबाई, दिवाळीला हंगामाची नवी माणसं येतील. तोवर गाडी रस्त्यावर धावली तर ठीक. नाही तर खोली खाली कर."

जाता जाता मोठ्या बाई मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "दौलत असता तर असं झालं नसतं. आता ह्यांनाही सणाला सुट्टी लागते." मला ते फार लागलं. नागपूरला गेल्याचा पस्तावा मला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पण त्या बाईची खोली जाणार आणि मी तिथे नव्हतो, हे काही केल्या मनातून जाईना.

कामाला लागलो. आधी जवसाचं तेल काढलं. ते सुकलं की डिंकासारखं चिकटतं, घासलेटानं घासून बोटांची सालं निघाली. एक मात्र आहे, त्या तेलामुळे गंज चढला नव्हता.

पिस्टन त्यामानानं लवकर ओळखले. एकाच्या अंगावर ओरखडा होता, तसाच ओरखडा दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये. एकाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह टेकल्याची अर्धी चंद्रकोर होती, ती खोलतानाच आम्ही तीनमध्ये पाहिली होती. उरलेले दोन मापानं लागले, कारण एक नंबरचं सिलिंडर जरा जास्त झिजलं होतं. पिस्टन आणि रॉड जोडलेलेच होते, म्हणजे रॉडही लागले. राहिल्या टोप्या.

मी म्हटलं, वजन करून बघू. साध्या इंजिनात प्रत्येक रॉडचं वजन थोडं वेगळं असतं, त्यावरून अंदाज येतो. सराफाकडे गेलो. त्यानं चारही रॉड आणि चारही टोप्या सोन्याच्या काट्यावर घातल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हे त सख्खे जुळे हाये." शर्यतीच्या इंजिनात वजनं मुद्दाम सारखी करतात. ज्यानं केली त्यानं आपलं काम चोख केलं होतं आणि आमची वाट लावली होती.

मग चाचांनी नख काढलं. उजव्या अंगठ्याचं नख ते खास वाढवत. टोपी रॉडवर आवळायची आणि सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर जोड चुकीचा, सरळ गेलं तर बरोबर. डोळे मिटून बसायचे. मी आवळायचो, ते नख फिरवायचे, "नाई," म्हणायचे, मी काढायचो. दोन टोप्या अशा लागल्या. दोन नंबरची आणि तीनची.

एकची आणि चारची काही केल्या लागेना. दोन्ही टोप्या दोन्ही रॉडांवर सारख्याच बसत. नख कुठेच अडत नव्हतं. आत घालून इंजिन हातानं फिरवून पाहिलं, असं लावलं तरी तसंच फिरे, तसं लावलं तरी तसंच. केसभराचा फरक हाताला लागत नाही, वेगाला लागतो.

"उडवा चित-पट," मी वैतागून म्हणालो.

चाचा भडकले. "त्या गाडीत माणूस बसनार हाये ना बे. चित-पट करतो काय?"

गिरजाबाईला आम्ही आधीच विचारलं होतं, कोणतं कुठून उचललं ते आठवतं का. ती म्हणाली होती, "कुठलं आठवते भाऊ, सगळे एकसारखे." पुन्हा विचारायची आमची हिंमत नव्हती. येता-जाता दिसायची ती तिच्या दारात, भांडी पोत्यात भरताना.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः आली. दाराशीच थांबली.

"दौलतभाऊ, खरं सांगा. बसन का हे?"

"दोन टोप्या अडल्या बाई," मी म्हटलं. "बाकीचं सगळं लागलं."

ती चौकटीला टेकली. मग मागे वळून सज्ज्याकडे पाहिलं आणि आत आली. "एक गोष्ट सांगू? मोठ्या बाईंच्या कानावर जाऊ देऊ नका."

"काय झालं?"

"तुमी दोघं काई पूजेतले नाई, म्हणून तुमाले सांगून राह्यले. धुताना माया बोटाले लागलं. रगत आलं, थे पूजेच्या वस्तूवर पडलं. सणाच्या दिवशी. म्या पुन्हा धुतली ती, तीनदा धुतली, अन् कोनाले बोलली नाई." तिनं पदराखालचा हात काढला. बोटाला अजून चिंधी होती. "मोठ्या बाईंले समजलं त म्हणतीन, गाडी त्याच्यानंच बिघडली."

चाचा उठून उभे राहिले. "कायनं कापलं बेटी? कोनत्या चीजनं?"

"ह्या अशा अर्ध्या कड्यानं." तिनं टोपीकडे बोट केलं. "याच्या काठाले कुसळावानी काही होतं."

"अन् ते कडं तू उचललं कुठून?" मी विचारलं.

"खिडकीजवळून. सगळ्यात पहिले तेच उचललं ना. म्हणून त आठवते. पहिल्याच वस्तूले रगत लागलं म्हणून मले लई भेव लागलं."

खिडकीजवळची म्हणजे एक नंबर. आता फक्त कुसळ कोणत्या टोपीला आहे ते शोधायचं होतं. मी बघितलं, दिसेना. चाचांनी बोट फिरवलं, पण आयुष्यभर लोखंड धरून त्यांच्या बोटांची कातडी चामड्यासारखी झालेली, त्यांना लागेना. मग त्यांनीच खाली वाकून जमिनीवरून रुई उचलली. जिनात रुई कुठे नसते? कोपऱ्यात, कौलांत, आमच्या केसांत. तिचा पातळ पापुद्रा ओढून त्यांनी तो एका टोपीच्या काठावरून सावकाश फिरवला. साफ निघाला. दुसरी टोपी घेतली. अर्ध्या वाटेवर रुई अडली आणि दोन तंतू काठाला लटकून राहिले.

आम्ही तिघंही ते दोन तंतू बघत उभे होतो. चाचांना दिसत नव्हते, तरी तेही बघत होते.

कुसळ कानशीनं नाही, तेलाच्या दगडानं हळूच काढलं आणि ती टोपी एकला बसवली. चारची मग आपोआप लागली. खडखडणारं बेरिंग नीट करून इंजिन बांधलं, गाडीत चढवलं. दिवाळी तोंडावर आली होती. हँडल मारल्यावर घोरपड पहिल्याच झटक्यात बोलली. खडखड गेली होती. लोक आनंदले, पण आम्हा दोघांना माहीत होतं, चालू होण्यानं काहीच सिद्ध होत नाही. आमचा भरवसा एका बाईच्या आठवणीवर आणि रुईच्या दोन तंतूंवर होता.

आम्ही भाऊसाहेबांना तसं सांगितलं. रक्ताचं नाही सांगितलं, बाकी सगळं. आधी चार दिवस हळू चालवा, मग वेग घ्या, असंही सांगितलं. त्यांनी तसं केलं, तेवढे ते शहाणे होते. मग एका सकाळी म्हणाले, आज सोडतो. चाचांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि शेजारच्या बैठकीत जाऊन बसले.

"तुम्ही कशाला चाचा?"

"मले आवाज आयकू येते," चाचा म्हणाले. "तुमाले आली नाई ती खडखड मले पहिले येईन. अन् इंजन म्या बांधलं हाये, त बसनार बी मीच."

भाऊसाहेबांनी त्यांच्या बाजूचं दार लावून घेतलं. मग गाडी काढली.

मी फाटकाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं गिरजाबाई येऊन पलीकडच्या खांबाशी उभी राहिली. तिच्या खोलीच्या दारात भांड्यांचं पोतं तोंड बांधून ठेवलेलं मला दिसत होतं. गाडीचा आवाज वाढत वाढत गेला आणि मग ऐकू येईना. छोट्या रेल्वेची गाडी शिट्टी देऊन गेली. रस्त्यावर तुरीच्या शेतातून एक म्हातारा आला, त्यानं विचारलं, "काहून उभे हा?" मी नुसतं रस्त्याकडे बोट केलं. मला त्या वेळी फक्त चाचा दिसत होते, दोन्ही हातांनी दार धरून, डोळे मिटून बसलेले. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

आवाज आधी गिरजाबाईला आला. "येऊन राह्यली," ती म्हणाली.

घोरपड फाटकातून आत आली. चाचांची टोपी कुठे तरी उडून गेली होती आणि पांढरे केस उभे राहिले होते. भाऊसाहेब उतरले, इंजिनावर हात ठेवून उभे राहिले. मग गिरजाबाईकडे वळून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते पोतं सोड. आणि सासूला डॉक्टरकडे न्यायची असली तर सांग, गाडीनं नेऊ."

"ह्या गाडीनं नको," गिरजाबाई म्हणाली. भाऊसाहेबांना हसू आवरलं नाही. बोलताना तिचे डोळे भरून वाहत होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

चाचांचे डोळे पुढे पूर्ण गेले. चाचा वारल्यावर मी बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. नख मीही वाढवून पाहिलं, पण त्यांच्यासारखं जमलं नाही. रुई मात्र जन्मभर खिशात ठेवली.

घोरपडीच्या त्या प्रकारानंतर पुढच्याच वर्षी दसऱ्याला मी नागपूरला निघालो तेव्हा गाळणीच्या खोलीत पंप उघडून ठेवलेला होता. मी दारात घुटमळलो. आत गिरजाबाई जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडत बसली होती. एकमेकांच्या जोडीच्या भागांना एकाच रंगाची चिंधी बांधायची, हिरव्याला हिरवी, तांबड्याला तांबडी, आणि मगच पाण्यात घालायचे, हे तिचं तिनंच ठरवलं होतं.

"जा तुमी बिनघोर," ती म्हणाली. "इथलं काही हालत नाई."

परत आलो तर पूजा होऊन गेली होती. चिंध्या बांधलेले भाग जागच्या जागी, प्रत्येकावर हळदकुंकू. पाने, घण, कानशी, चाचांची ऐरण, सगळ्यांवर. रांगेच्या शेवटी माझी हत्यारांची पेटी होती. तिची पितळी कडी लख्ख घासलेली, झाकणावर धुळीचा कण नाही आणि कुंकवाचा ठिपकाही नाही.

मी गिरजाबाईकडे बघितलं.

"तुमची नुसती पुसली," ती म्हणाली. "जवसाचं तेल नाई लावलं."